राजाचा फोटो कसा पाहावा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

राजघराण्यांचे जुने फोटो आणि त्यांतून लोकांच्या मनात ठसलेली राजाची प्रतिमा, या विषयावर मागच्या महिन्यात प्रश्न मागवले होते. धुळे, जळगाव, नंदुरबार आणि मालेगाव-सटाण्याकडून पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. काहींनी घरातल्या फोटोंच्या प्रतीही पाठवल्या. त्या घराण्यांची नावे इथे दिलेली नाहीत.

प्रश्न : जुन्या फोटोंत राजेमहाराजे नेहमी खांबासारखे ताठ का? एकाच्याही चेहऱ्यावर हसू नाही. (वाचक, साक्री)

'तेव्हा फोटोला वेळ लागायचा' हे उत्तर आपण सगळेच देतो, पण ते अर्धेच खरे आहे.

1851 पासून साधारण 1880 पर्यंत फोटो ओल्या काचेवर निघत. काचेवर कोलोडियनचे चिकट द्रावण ओतायचे, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि फोटो घेऊन लगेच अंधाऱ्या खोलीत धुवायची. हे सगळे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. द्रावणात इथर असल्याने उन्हाळ्यात काच त्याहून लवकर, कडांकडून आत अशी वाळू लागे. म्हणून बरीच कामे थंडीत आणि सकाळच्या उजेडात होत. खुद्द फोटोला स्टुडिओत चार-पाच सेकंदांपासून पंधरा-वीस सेकंदांपर्यंत वेळ लागे. तेवढा वेळ हसू टिकत नाही, त्याची वेडगळ छटा उरते. मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावत. पूर्ण उभ्या माणसाच्या फोटोत टाचांच्या मागे नीट पाहा, पुष्कळदा त्या आधाराचा पाया दिसतो. बाजूचे मेज, खांब, खुर्चीची पाठ हेही नुसत्या शोभेसाठी नसे. हात टेकायला काहीतरी हवे असायचे.

पण 1880 च्या आसपास कोरड्या जिलेटिन काचा बाजारात मिळू लागल्या आणि फोटो सेकंदाच्या आत निघू लागला. तरीही संस्थानिक पुढची पन्नास वर्षे तसेच ताठ बसले. म्हणजे आता कारण काचेत नव्हते, दरबारात होते. तैलचित्रात राजा जसा दिसे तसाच फोटोत दिसायला हवा, ही अपेक्षा होती. हसणारा, ढिला बसलेला राजा घरच्या अल्बममध्ये चाले. वाटायच्या प्रतीत नाही.

दरबारी समूहाचा फोटो हाती आला तर चेहऱ्यांआधी बैठक वाचा. खुर्चीवर कोण, गालिच्यावर कोण, मागे उभे कोण, राजाच्या उजव्या हाताला कोण. इंग्रज रेसिडेंट, म्हणजे संस्थानात नेमलेला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, असला तर बहुधा मधल्या दोन खुर्च्यांपैकी एक त्याची. ही मांडणी फोटोग्राफर करत नसे, दरबारचा मानपान सांभाळणारा अधिकारी करी. फोटोग्राफरच्या हातात उरे तो उजेड.

प्रश्न : आमच्या वाड्यात माळ्यावर एका राजाचा पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो सापडला. तो किती जुना? अस्सल फोटो की छापील चित्र? (वाचक, शहादा, असेच प्रश्न पारोळा, शिरपूर आणि यावलहून)

सराफाकडे असते तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. खिडकीशी बसा आणि फोटोच्या मध्यम करड्या जागेवर, म्हणजे गालावर किंवा मागच्या पडद्यावर, भिंग धरा.

ओळीने मांडलेले ठिपके दिसले तर ती हाफटोन छपाई. मासिकातून, पुस्तकातून किंवा कॅलेंडरातून आलेले चित्र. ओळ नसलेले, रवाळ, निरनिराळ्या रंगांचे ठिपके असतील तर शिळाप्रेसवरची रंगीत छपाई. राजा रविवर्म्यांच्या 1894 साली सुरू झालेल्या छापखान्यातली चित्रे अशीच दिसतात. ठिपके अजिबात नाहीत आणि करड्या छटा सलग एकात एक मिसळतात, तर तो फोटो.

फोटो ठरला की पुढची पायरी. रंग तपकिरी-जांभळट, उजळ भाग पिवळट, कागद सिगारेटच्या कागदासारखा पातळ आणि भिंगातून त्याचे तंतू दिसत असतील, तर ती अल्ब्युमेन प्रत. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला हा कागद 1850 पासून शतकाच्या अखेरीपर्यंत चालला. तो इतका गुंडाळतो की पुठ्ठ्यावर चिकटवल्याशिवाय गत्यंतर नसे. तंतू दिसत नाहीत, पृष्ठभाग गुळगुळीत आहे, रंग काळा-पांढरा आहे आणि तिरक्या उजेडात कडेच्या काळ्या भागांवर निळसर चंदेरी झाक उठते, तर जिलेटिन प्रत. बहुतेक 1890 च्या पुढची. ही चंदेरी झाक म्हणजे कागदातली चांदी वर आलेली असते. ती कापसाने पुसायला जाऊ नका. चांदीबरोबर चित्रही जाईल.

मग पट्टीने पुठ्ठा मोजा. साधारण 64 बाय 100 मिलिमीटर असेल तर ते कार्त-द-व्हिजीत, पॅरिसच्या दिस्देरी या फोटोग्राफरने 1854 साली पेटंट घेतलेले माप. एकाच काचेवर आठ-आठ छोटे फोटो घेऊन ते कापून विकायची त्याची युक्ती होती, आणि राजाचा चेहरा सामान्य माणसाच्या खिशात पोचला तो या मापामुळे. 108 बाय 165 असेल तर कॅबिनेट कार्ड, 1860 च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनचे. पातळ पुठ्ठा आणि काटकोनी कोपरे हे जुनेपणाचे लक्षण. गोल कोपरे, जाड पुठ्ठा, सोनेरी तिरप्या कडा ही नंतरची.

पाठ उलटून पाहिल्याशिवाय काहीही ठरवू नका. स्टुडिओचे नाव, शहर, मिळालेली पदके, हस्तलिखित टीप, सगळे तिथे असते. पण इथेच बहुतेकांची फसगत होते. स्टुडिओचा शिक्का प्रत कधी छापली ते सांगतो. राजा कॅमेऱ्यासमोर कधी बसला ते नाही. काच कपाटात जपलेली असे आणि मागणी आली की वीस वर्षांनीही नवी प्रत निघे. त्यामुळे 'फोटो 1895 चा, म्हणजे राजा तेव्हा तरुण होता' असा हिशेब मांडू नका.

शहाद्याच्या प्रतीबद्दल इतके सांगता येईल : पाठवलेल्या मोबाइल फोटोत गालावर ठिपक्यांची ओळ स्पष्ट दिसते. ती छापील प्रत आहे. टाकून मात्र देऊ नका. कोणत्या राजाचे चित्र आपल्या भागात कुणाच्या भिंतीवर होते, हे अशाच छापील कागदांवरून कळते.

प्रश्न : 'मोबाइलवर येस तो झाशीनी राणीना फोटू खरा शे का?' आणि अहिल्यादेवींचा? (वाचक, धरणगाव)

अहिल्यादेवींचा नाही, हे हिशेबानेच कळते. त्या 1795 साली वारल्या. फोटोग्राफीची घोषणाच 1839 ची. फिरतो तो चित्राचा किंवा पुतळ्याचा फोटो. त्यांचे सासरे थोरले मल्हारराव होळकर यांचे बालपण तळोद्याला मामाकडे गेले म्हणून आपल्याकडे होळकरांबद्दल जिव्हाळा आहे, पण त्यापायी चाळीस-पंचेचाळीस वर्षांची उडी मारता येत नाही.

लक्ष्मीबाईंचे प्रकरण थोडे गुंतागुंतीचे आहे. त्या जून 1858 मध्ये लढाईत पडल्या. तोवर हिंदुस्थानात कॅमेरा येऊन वर्षे झाली होती; मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 सालीच निघाली होती. म्हणजे फोटो निघणे अशक्य नव्हते. पण जो फोटो फिरतो त्याखाली '1850, हॉफमन' असे लिहिलेले असते, आणि कलकत्त्याची जॉन्स्टन अँड हॉफमन ही पेढी 1880 च्या दशकातली. राणी गेल्यानंतर वीसेक वर्षांनी निघालेल्या पेढीने राणीचा फोटो काढला, असे मानावे लागेल. राणींचाच आहे असे सिद्ध झालेला एकही फोटो आजवर पुढे आलेला नाही.

असा कुठलाही 'दुर्मीळ खरा फोटो' आला की तीन गोष्टी विचारा : मूळ प्रत कुणाच्या संग्रहात आहे, तिच्या पाठीवर काय आहे, फोटोग्राफर त्या सालात काम करत होता का. तिन्हींना उत्तर नसेल तर पुढे ढकलू नका.

प्रश्न : सयाजीराव महाराज आमच्या कवळाण्याचे. त्यांचे फोटो मोबाइल ॲपने रंगवून शाळेत लावायचे आहेत. पगडीचा रंग कोणता द्यावा? (शिक्षक, मालेगाव तालुका)

रंगवू नका, किंवा रंगवलेली आणि मूळ अशी दोन्ही शेजारी लावा. कारण सांगतो.

त्या काळच्या काचा निळ्या उजेडाला संवेदनशील होत्या, लाल-पिवळ्याला जवळजवळ आंधळ्या. त्यामुळे केशरी किंवा लाल पगडी फोटोत काळी येई. निळा शेला पांढराफटक पडे. जर, सोन्याचे दागिने डोळ्यांना झगझगीत, पण काचेवर काळपट. माणिक काळा ठिपका होई, नीलम फिकट. मोती आणि हिरे तेवढे उजळ राहत, म्हणून संस्थानिकांच्या फोटोंत मोत्यांचे सर उठून दिसतात आणि सोने हरवते. गव्हाळ कातडीही प्रत्यक्षापेक्षा बरीच सावळी येई. ती स्टुडिओवाले काचेवर पेन्सिल फिरवून उजळवत, काही वेळा नको इतकी. हिरवा-पिवळा पकडणाऱ्या सुधारित काचा 1880 च्या दशकात आल्या. लालसुद्धा टिपणाऱ्या विसाव्या शतकात. ॲपला यातले काही ठाऊक नसते. त्याला काळी पगडी दिसते, ते काळी किंवा गडद निळी रंगवून मोकळे होते. रंग हवाच असेल तर जपून ठेवलेली पगडी, तेव्हाचे तैलचित्र किंवा हाताने रंगवलेली तत्कालीन प्रत यांचा आधार घ्या. त्यातही हाताने रंगवणारा कारागीर गिऱ्हाइकाच्या मर्जीने रंग देई, हे लक्षात ठेवा.

सयाजीरावांचा विषय आलाच आहे, तर फोटोने राजा कसा घडवला आणि कसा अडचणीत आणला, याची दोन टोके त्यांच्याच चरित्रात सापडतात.

1875 साली बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी पदच्युत केले आणि महाराणी जमनाबाईंनी कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळरावाला दत्तक घेतले. हेच सयाजीराव. त्यानंतरचे बाल-महाराजांचे फोटो पाहा. कमरेला तलवार, गळ्यात थरावर थर दागिने, अंगरखा खांद्यावरून जड झालेला. मुलगा दागिन्यांत जवळजवळ बुडालेला आहे. आज ते पाहून 'केवढी श्रीमंती' असे वाटते, पण त्यांचे काम वेगळे होते. खेड्यातून आलेला मुलगा गादीचा खरा धनी आहे, हे कागदावर दाखवायचे होते. बडोद्याचे जडजवाहीर त्याच्या अंगावर आहे, म्हणजे वारसा त्याच्याकडे आला. 1881 अखेर त्यांना राज्याचे अधिकार मिळाले, रविवर्मा बडोद्यात आले आणि तैलचित्रांतून तीच प्रतिमा आणखी पक्की झाली.

दुसरे टोक 12 डिसेंबर 1911, दिल्ली दरबार. पाचव्या जॉर्जसमोर संस्थानिकांनी जाऊन लवून मुजरा करायचा आणि पाठ न दाखवता मागे सरायचे, असा दंडक. सयाजीराव साध्या पांढऱ्या पोशाखात गेले, एकदाच वाकले आणि पाठ फिरवून परतले, असा आरोप झाला. एरवी ही गोष्ट शामियान्यातच मिटली असती. पण समोर चलत्चित्राचे कॅमेरे होते. ती फिल्म लंडनच्या थिएटरांत दाखवली गेली आणि वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. महाराजांना खुलाशाचे पत्र लिहावे लागले आणि ते लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापूनही आले. तेव्हाचा कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण 16 चित्रे. वाकणे, सरळ होणे, वळणे हे काही सेकंदांचे, म्हणजे शंभरेक चित्रांचे काम. त्यातले एकच उचलून छापले तर तुम्हाला हवा तो सयाजीराव मिळतो : उद्धट, गोंधळलेला किंवा बाणेदार. इंग्रजांनी पहिला उचलला, आपण नंतर तिसरा उचलला. शाळेत लावताना हा प्रसंग सांगणार असाल तर 'अपमान केला' किंवा 'मुद्दाम पाठ फिरवली' असे ठाम लिहू नका. हेतू फिल्ममध्ये दिसत नाही.

प्रश्न : आजोबांच्या काळच्या ट्रंकेत व्हिक्टोरिया राणीचा फोटो आहे. हुबेहूब तसाच फोटो मित्राकडे डब्यावर छापलेला आहे. दोन्हींत राणी त्याच पोजमध्ये. असे कसे? (वाचक, अमळनेर)

डोक्यावर छोटा मुकुट, पांढरी जाळी, चेहरा किंचित बाजूला वळलेला असा असेल, तर तो डब्ल्यू. अँड डी. डाउनी या लंडनच्या स्टुडिओचा 1893 चा फोटो असण्याची शक्यता मोठी. नातवाच्या, म्हणजे पुढे पाचवा जॉर्ज झालेल्याच्या, लग्नाच्या वेळी तो काढला होता. 1897 साली राज्याला 60 वर्षे झाली तेव्हा तोच अधिकृत फोटो म्हणून दिला गेला आणि त्यावर कुणाचाही छपाईहक्क ठेवला नाही. मग काय, पोस्टकार्ड, बशा, बिस्किटांचे डबे, जाहिराती, ज्याला हवे त्याने छापले. चार वर्षांपूर्वीचा चेहरा जगभर पोचला तो मुख्यतः फुकट म्हणून.

व्हिक्टोरियाच्या घराण्याला हे गणित फार लवकर उमगले होते. 1854 साली फोटोग्राफर रॉजर फेंटनने राजवाड्यात फोटो काढले ते घरगुती होते, विकायचे नव्हते. 1860 साली मेयॉल या फोटोग्राफरने काढलेले कार्त-द-व्हिजीत मात्र राणीच्या परवानगीने बाजारात आले. त्यांत राजदंड-मुकुट नाही. नवरा, बायको, मुले. कारखानदार, कारकून यांच्या घरातल्या अल्बममध्ये राणीचे कुटुंब त्यांच्याच कुटुंबाशेजारी जाऊन बसले. 1861 च्या डिसेंबरात राणीचा नवरा अल्बर्ट वारल्यावर 1862 मध्ये राणी आणि मुली त्याच्या अर्धपुतळ्याभोवती शोकात बसल्याचा फोटो काढला गेला. पुढची कितीतरी वर्षे राणी लोकांसमोर फारशी येत नव्हती, पण काळ्या पोशाखातली विधवा राणी घरोघरी होती. राजा दिसत नसला तरी त्याचा फोटो फिरत राहिला पाहिजे, हा धडा आपल्या संस्थानिकांनी तिथूनच घेतला असावा, असे आमचे मत.

प्रश्न : राण्यांचे फोटो एवढे कमी का? (वाचक, चोपडा)

पडदा. परका पुरुष फोटोग्राफर झनान्यात, म्हणजे राजस्त्रियांच्या महालात, जाणार कसा? यावर तीन वाटा निघाल्या.

जयपूरच्या सवाई रामसिंह दुसऱ्यांनी (मृत्यू 1880) स्वतःच कॅमेरा शिकून घेतला आणि झनान्यातल्या स्त्रियांचे फोटो काढले. त्या फोटोंतल्या सगळ्या 'राण्या' नाहीत. पुष्कळशा पडदायत (राजाच्या लग्नाच्या नसलेल्या, पण झनान्यात राहणाऱ्या स्त्रिया) आणि सेवेतल्या बायका आहेत. मथळ्यात 'जयपूरची महाराणी' वाचले की म्हणून सावध व्हावे. त्रिपुराचे बीरचंद्र माणिक्यही असेच कॅमेऱ्याचे नादी. राणीसोबत त्यांनी स्वतःचाच फोटो काढलेला आहे. हैदराबादला निजामाच्या पदरी असलेल्या लाला दीनदयाळ यांनी 1892 साली बायकांसाठी वेगळा झनाना स्टुडिओ काढला आणि तो मिसेस केनी-लेविक या बाईंच्या हाती दिला. दीनदयाळ मूळचे इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला, तिथून वर आलेले. तिसरी वाट म्हणजे पडदाच सोडणे : बडोद्याच्या चिमणाबाई महाराणी 1927 साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानी होत्या.

पूर्वी काढलेले झनान्यातले फोटो प्रसिद्धीसाठी नव्हतेच. म्हणून एखाद्या राणीचा फोटो घरात असेल तर तो समाजमाध्यमावर टाकण्याआधी त्या घराण्यातल्या आजच्या वडीलधाऱ्यांना विचारा. कायद्याने बंधन असो-नसो.

प्रश्न : इंदूरच्या होळकर महाराजांचा सुटाबुटातला, फॅशन मासिकात शोभेलसा फोटो पाहिला. खरा आहे का? (वाचक, रावेर)

खरा. यशवंतराव होळकर दुसरे आणि महाराणी संयोगिताबाई यांचे फोटो मॅन रे या पॅरिसमधल्या प्रयोगशील कलावंताने काढले आहेत. वडील तुकोजीराव तिसरे बावला खून प्रकरणानंतर (मुंबईतल्या बावला या व्यापाऱ्याच्या खुनात इंदूर दरबारावर संशय आला होता) 1926 साली गादीवरून उतरले होते; घराण्याचे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत भलत्याच कारणाने गाजले होते. त्यानंतर तलवार-पगडीऐवजी असा निवांत, आधुनिक तरुण दिसणे सोयीचे होते, हे उघड आहे. त्याच महाराजांचे मराठी दरबारी पोशाखातले तैलचित्रही आहे. पॅरिससाठी एक, इंदूरसाठी एक.

प्रश्न : राजाने मारलेला वाघ फोटोत बैलाएवढा दिसतो. एवढे वाघ सातपुड्यात होते? (वाचक, अक्कलकुवा)

वाघ होते, बैलाएवढे नव्हते. वाघ कॅमेऱ्याजवळ, माणसे पाच-सात फूट मागे, कॅमेरा खाली. एवढेच. माणसांचे पाय वाघाच्या पाठीमागे झाकलेले असतील तर ही युक्ती आहे असे समजा.

प्रश्न : आजची राजघराणी फोटोत फेरफार करतात, तसे पूर्वी नव्हते ना? (वाचक, भुसावळ)

उलट, पूर्वी जास्त होते. काचेवर चित्राच्या थराच्या बाजूने पेन्सिल आणि चाकूने काम चाले : सुरकुत्या भरायच्या, हनुवटीखालचे मांस खरवडायचे, कंबर बारीक करायची. व्हिक्टोरियाच्या उतारवयातल्या फोटोंत गाल त्या वयाला न शोभण्याइतके गुळगुळीत दिसतात, ते यामुळेच. दरबाराला जो हजर नव्हता त्याचा चेहरा दुसऱ्या फोटोतून कापून चिकटवायचा आणि सगळ्याचा पुन्हा फोटो घ्यायचा, हेही होई. ओळखण्याची खूण : सगळ्यांवर उजेड डावीकडून आणि एकावर उजवीकडून, किंवा एकाच्या बुटांची सावली गालिच्यावर पडतच नाही.

फरक पडला तो पकडणाऱ्यांत. 10 मार्च 2024 ला इंग्लंडच्या राजपुत्र विल्यम यांची पत्नी केट आणि मुलांचा फोटो राजवाड्याने प्रसिद्ध केला. मुलीच्या स्वेटरची बाही मनगटाशी तुटल्यासारखी दिसत होती. एपी, रॉयटर्स, एएफपी या वृत्तसंस्थांनी त्याच दिवशी तो मागे घेतला आणि दुसऱ्या दिवशी केटने स्वतः फेरफार केल्याचे मान्य करून माफी मागितली. शस्त्रक्रियेनंतर ती बरी आहे हे दाखवायला दिलेल्या फोटोने नेमकी उलट शंका वाढवली. कोणता फोटो लोकांपुढे जायचा हे राजवाड्यानेच ठरवायचे, ही व्हिक्टोरियाच्या काळापासूनची सोय बोटभर बाहीवर अडली.

प्रश्न : घरातले असे फोटो टिकवायचे कसे? आमचे घर धाब्याचे आहे. (वाचक, शिंदखेडा, बोदवड आणि नवापूरहूनही)

आपल्याकडची हवा फोटोंची वैरीण. मे महिन्यात पारा 45 च्या वर, हवा कोरडी ठणठणीत. पुठ्ठा वाकतो, जिलेटिनला भेगा पडतात. जूनमध्ये पाऊस लागला की दमटपणा एकदम चढतो आणि बुरशी धरते. उष्णतेपेक्षाही ही उलटापालट जास्त मारते. त्यात कूलर. कूलरचा ओला वारा ज्या भिंतीवर येतो तिथे फोटो टांगला तर उन्हाळ्यातच पावसाळा झाला म्हणायचे.

जागा : माळा नको, छताखालची फळी नको, जमिनीलगत नको. घराच्या मधल्या, बाहेरच्या भिंतीला न लागलेल्या खोलीत कमरेएवढ्या उंचीवरचे कपाट उत्तम. धाब्याच्या घरात माती ओल धरते, म्हणून भिंतीवर टांगायचाच असेल तर फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाचे किंवा लाकडाचे तुकडे लावा. मागून हवा खेळू दे.

फ्रेम : फोटो काचेला टेकता कामा नये. मध्ये तीन-चार मिलिमीटरची जाड पुठ्ठ्याची चौकट हवी. मागे प्लायवूड आणि जुने वर्तमानपत्र असेल तर ते काढा, त्यातल्या आम्लाने फोटो तपकिरी पडतो. ज्यांचा फोटो आधीच काचेला चिकटला आहे त्यांनी तो सोडवायचा प्रयत्न करू नये, वाफ देऊन तर मुळीच नाही. काचेसकट स्कॅन करा आणि तसाच ठेवा.

सुटे फोटो : प्रत्येकाला वेगळे आम्लरहित कागदाचे पाकीट किंवा पॉलिएस्टरची थैली. पीव्हीसीच्या थैल्या आणि चिकट पानांचे अल्बम नकोत. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको. डांबराच्या गोळ्या थेट फोटोंच्या डब्यात टाकू नका. कसर आणि वाळवीसाठी कपाट दर दोन महिन्यांनी उघडून झटकणे जास्त कामाचे. नाव-गाव लिहायचे तर पाठीवर कडेला मऊ 2बी पेन्सिलने, खाली काच ठेवून, हलक्या हाताने. बॉलपेन समोर उमटते. काचेच्या निगेटिव्ह आडव्या रचू नका, लांब कडेवर उभ्या ठेवा; ढिगातली खालची काच वरच्यांच्या वजनाने फुटते.

स्कॅनिंग : फोटो काळा-पांढरा असला तरी रंगीत मोडमध्ये करा, पिवळेपणा आणि डाग हीसुद्धा माहिती आहे. कार्त-द-व्हिजीतला 1200 डीपीआय (म्हणजे इंचाला 1200 ठिपके), मोठ्या फोटोला 600. फाइल टिफ प्रकारची. 2.5 बाय 4 इंचाचा पुठ्ठा 1200 ला 3000 बाय 4800 पिक्सेल होतो, साधारण 43 एमबी. एवढी जागा द्या. स्कॅनरचे 'आपोआप सुधारणा' बंद करा. पुठ्ठ्याच्या चारही कडांसकट पुढची बाजू आणि मग पाठ, अशा दोन फाइली. वाकलेला पुठ्ठा झाकणाखाली दाबू नका, तडा जातो; दोन्ही बाजूंनी 45 अंशात दिवे लावून वरून कॅमेऱ्याने फोटो घ्या. उजेड कसा टाकायचा हे पाहायचे असेल तर चाळीसगावला केकी मूस यांचा संग्रह आहे. मेजावर छोट्या वस्तू मांडून त्यांनी केवळ उजेडाने उभी केलेली दृश्ये पाहिली की दिव्याची जागा बोटभर हलवल्याने काय होते ते कळते.

प्रश्न : समाजाच्या स्मरणिकेत संस्थानिकांचे जुने फोटो छापले तर कायद्याची अडचण येईल का? (संपादक मंडळ, दोंडाईचा)

एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंवरचे हक्क केव्हाच संपले आहेत. 2012 च्या दुरुस्तीनंतर फोटोवरचा हक्क फोटोग्राफरच्या हयातीनंतर 60 वर्षे टिकतो, त्यामुळे अलीकडच्या फोटोंना लेखी परवानगी लागेल. संग्रहालयाकडून फाइल घेतली असेल तर त्यांच्या अटी वेगळ्या, त्या वाचा.

फोटोखाली चार गोष्टी छापा : मूळ प्रत कुणाकडे आहे, फोटोग्राफर किंवा स्टुडिओ कळत असल्यास त्याचे नाव, पुठ्ठ्याचे माप, आणि फोटो कापला किंवा रंगवला असल्यास तसा उल्लेख. पानात बसवण्यासाठी कडेची माणसे कापायची वेळ आली तर फोटोच लहान करा. कडेला उभा असलेला हुजऱ्या किंवा भालदार पुष्कळदा आपल्याच तालुक्यातला निघतो, आणि त्याचा दुसरा फोटो कुठेही नसतो.